इम्पॉव्हरिश : गरीब असणं आणि गरीब केलं जाणं

'एक शब्द' मालिकेचा हा भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज नाही किंवा इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

आजचा शब्द आहे 'इम्पॉव्हरिश'. बोलण्यात तो फारसा येत नाही. पेपरमध्ये येतो, स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात येतो, शेतीवरच्या इंग्रजी अहवालात तर हमखास येतो. अर्थ पाहिला की शब्दकोश सांगतो, गरीब करणे. आपण म्हणतो, बरं, कळलं, पुढं चला. आज पुढं जायचं नाही. इथंच थांबून हा शब्द उघडून बघायचा. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. बाहेरून साध्या दिसणाऱ्या फंक्शनच्या आत काय चाललंय ते बघायची सवय त्यामुळे लागली आहे.

आधी तुकडे करू. पहिला तुकडा 'इम'. 'इम्पॉसिबल' म्हणजे अशक्य, 'इम्पेशंट' म्हणजे अधीर. त्यावरून कुणालाही वाटेल की 'इम' म्हणजे नकार. पण मग इम्पॉव्हरिशचा अर्थ 'गरीब नसणे' झाला असता. इथला 'इम' वेगळ्या कामाचा आहे. त्याचा अर्थ आत, त्या अवस्थेत नेऊन टाकणे. 'इम्प्रिझन' म्हणजे तुरुंगात टाकणे, तसं इम्पॉव्हरिश म्हणजे गरिबीत टाकणे.

शेवटचा तुकडा 'इश'. 'रेडिश' म्हणजे लालसर, पण तो 'इश' हा नव्हे. हा फ्रेंचमधून आलेल्या क्रियापदांच्या मागं लागतो. फिनिश, पनिश, व्हॅनिश, अबॉलिश, नरिश ही सगळी त्याच घराण्यातली. इंग्रजीत पाच-सहाशे वर्षांपूर्वी जुन्या फ्रेंचमधून जे शब्द आले, त्यांत आपलाही हा शब्द आहे.

आता मधला तुकडा, 'पॉव्हर'. जुन्या फ्रेंचमध्ये 'पोव्र' म्हणजे गरीब. इंग्रजीतले 'पुअर' आणि 'पॉव्हर्टी' त्याच घरचे. स्पॅनिशमध्ये 'पोब्रे', इटालियनमध्ये 'पोवेरो'. या सगळ्यांचा आजा एकच, लॅटिन शब्द 'पाउपेर'. इंग्रजीत तो 'पॉपर' म्हणून जसाच्या तसाही शिल्लक आहे, म्हणजे कफल्लक माणूस.

खरी गंमत 'पाउपेर'मध्ये आहे. भाषेचे अभ्यासक याचेही दोन तुकडे करतात. पहिला म्हणजे थोडं, कमी. इंग्रजीतला 'फ्यू' त्याचाच दूरचा नातेवाईक. दुसऱ्याचा अर्थ जन्म देणे, निपजवणे. आईवडिलांना इंग्रजीत 'पेरेंट' म्हणतात ते त्याच धातूवरून. दोन्ही जोडले की पाउपेर म्हणजे 'ज्यातून थोडंच निपजतं ते'.

आता सांगा, आपल्याकडं हे कशाबद्दल बोलतात? 'यंदा काही निपजलं नाही' हे वाक्य सेनगाव किंवा कळमनुरीच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. ते जमिनीबद्दल असतं. इम्पॉव्हरिश या शब्दानं हे जमिनीचं नातं अजून सोडलेलं नाही. इंग्रजीत माणसाला जसं इम्पॉव्हरिश करतात, तसं जमिनीलाही. सतत तेच पीक घेऊन, शेणखत बंद करून, वरची माती पावसात वाहू देऊन जमिनीची जी अवस्था होते तिला इंग्रजीत 'इम्पॉव्हरिश्ड सॉइल' म्हणतात.

यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे, 'निकस'. जमिनीचा कस गेला की ती निकस. तिच्यातलं धान्य निकस, ते खाणाऱ्याचं अंगही निकस. शब्दकोशातल्या 'गरीब करणे'पेक्षा 'निकस करणे' हे मला इम्पॉव्हरिशच्या जास्त जवळ वाटतं. कारण जमीन एका दिवसात निकस होत नाही. वीस वर्षं लागतात आणि त्या प्रत्येक वर्षी कुणीतरी काहीतरी काढून घेत असतं.

इथंच या शब्दाचा मुख्य मुद्दा आहे. 'पुअर' हे विशेषण. 'तो गरीब आहे' म्हटलं की वाक्य संपतं, प्रश्न उरत नाही. इम्पॉव्हरिश हे सकर्मक क्रियापद. सातवीचं व्याकरण आठवा, कर्ता, कर्म, क्रियापद. गरीब केलं, पण कुणी केलं? कुणाला केलं? कशानं केलं? हा शब्द वापरला की हे प्रश्न मागोमाग येतातच.

आता आपल्या शब्दांकडं वळू. गरिबीबद्दलचे आपले शब्द वेगळीच गोष्ट सांगतात.

'गरीब' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून दूर पडलेला. 'मगरिब' हा शब्द आपल्या भागात सगळ्यांनी ऐकलेला असतो, मावळतीची नमाज. मगरिब म्हणजे पश्चिम, सूर्य जिकडं निघून जातो ती दिशा. दोन्ही शब्दांचा धातू एकच. म्हणजे गरीब कोण, तर जो आपल्या ठिकाणापासून निघून गेलाय तो.

'दरिद्र' संस्कृतातला. त्यामागचा धातू 'द्रा', म्हणजे धावणे, पळणे. दरिद्र म्हणजे मूळ अर्थानं सारखा इकडून तिकडं पळत राहणारा. आणि 'देशोधडीला लागणे' तर उघडच आहे, देश सोडून वाट फुटेल तिकडं जाणं.

बघा म्हणजे. लॅटिन शब्द म्हणतो, गरीब म्हणजे ज्याच्याकडं कमी पिकतं तो. आपले शब्द म्हणतात, गरीब म्हणजे ज्याला गाव सोडावं लागतं तो. दोन्ही जोडले की मराठवाड्याची अख्खी गोष्ट तयार होते. आधी कमी पिकतं, मग गाव सुटतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. दोन माणसांचं नाव एका हत्याराचं. निघण्याआधी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते आणि हंगामभर राबून ती फेडायची असते. नाही फिटली तर उरलेली पुढच्या वर्षीच्या डोक्यावर. उचल हा शब्द ऐकायला हलका आहे, उतरवायला जड आहे.

अजून एक शब्द, 'नादार'. फारसीत 'ना' म्हणजे नाही आणि 'दार' म्हणजे बाळगणारा, ज्याच्याकडं काही नाही तो. कोर्टाच्या भाषेत दिवाळखोराला नादार म्हणतात. आणि जुन्या शाळांत फी माफ झालेल्या पोराला 'नादारी' मिळाली म्हणायचे. आपल्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण नादारीवर शिकले. शब्द तोच, पण एकाची पत गेली आणि दुसऱ्याला शाळा मिळाली.

आता एक गोष्ट आपल्या हिंगोलीची. जिल्हा म्हणून हिंगोली १ मे १९९९ला परभणीतून वेगळी झाली, पण गाव जुनं. एकोणिसाव्या शतकात ते लष्करी छावणीचं ठिकाण होतं. राज्य निजामाचं आणि छावणीतली फौज 'हैदराबाद कंटिंजंट'ची. या फौजेची रचना ऐका. पगार निजामाच्या तिजोरीतून, अधिकारी मात्र इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटचा. खर्च एकाचा, हुकूम दुसऱ्याचा.

हा खर्च झेपेना. मग निजामाच्या दरबारानं हैदराबादच्या विल्यम पामर अँड कंपनी या पेढीकडून चढ्या व्याजानं कर्ज घेतलं. व्याज फुगत गेलं. १८२०च्या दशकात चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट असताना त्यानं या पेढीच्या व्यवहाराला विरोध केला आणि ईस्ट इंडिया कंपनीनं मध्ये पडून पेढीचं देणं भागवलं. हे फुकट झालं नाही. उत्तर सरकार हा किनाऱ्याकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात होता आणि त्यापोटी ती निजामाला दरवर्षी पेशकश देत असे. तो हक्क निजामाला कायमचा सोडावा लागला. म्हणजे कर्ज फेडायला दरवर्षीचं उत्पन्न विकलं. दुभती म्हैस विकून दवाखान्याचं बिल भरलं की पुढं काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

फौजेचा खर्च तर चालूच होता. थकबाकी पुन्हा वाढली, ती आता थेट कंपनीची. शेवटी १८५३चा तह झाला. फौजेच्या पगारापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख निजामानं इंग्रजांच्या हवाली केले. धाराशिव आणि रायचूर १८६०मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. १९०२मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर ते कायमचं इंग्रजांकडं गेलं. आपल्या जिल्ह्याला लागून असलेले वाशीम आणि यवतमाळ म्हणजे तेच वऱ्हाड, कापसाची काळी कसदार जमीन.

निजामाबद्दल हळहळायचं कारण नाही. राजाचं कर्ज राजा स्वतःच्या खिशातून थोडंच फेडतो? त्या काळात राज्यात सारावसुली ठेक्यानं दिली जायची. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून जमेल तेवढी काढायचा. सालारजंग १८५३मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी ही पद्धत हळूहळू मोडीत काढली. तोवर फौजेच्या पगाराचा भार उतरत उतरत शेवटी औताच्या बैलापर्यंत यायचा. इम्पॉव्हरिशचा कर्ता शोधायला निघालं की असा एकच माणूस सापडत नाही, साखळी सापडते. फौज, पेढी, दरबार, ठेकेदार, आणि शेवटच्या कडीला शेतकरी.

साखळीचा असा हिशोब अख्ख्या देशासाठी मांडला दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ या वर्षासाठी त्यांनी अंदाज काढला की हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न साधारण २० रुपये आहे. पुढं १९०१मध्ये त्यांचं 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' हे पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा आजच्या शब्दातच सांगता येतो. इंग्रज म्हणत होते, हा देश 'पुअर' आहे. दादाभाई म्हणत होते, नाही, याला 'इम्पॉव्हरिश' केलं जातंय, आणि हा घ्या आकडा, दरवर्षी किती संपत्ती बाहेर जाते त्याचा. विशेषणाच्या जागी त्यांनी क्रियापद ठेवलं. महात्मा फुल्यांनीही १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच केलं. शेतकरी दरिद्री का, याचं उत्तर त्यांनी नशिबात शोधलं नाही, त्याला नाडणारे कोण आणि कसे नाडतात ते सांगितलं.

हे शब्दांचे खेळ आहेत, यानं काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. फरक पडतो, कायद्यात पडतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. कागद बाहेर काढले, कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. यालाच 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्यामागं अमेरिकेतलं यादवी युद्ध होतं. १८६१ ते ६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, इकडं भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडला, वर शेतसारा वाढवलेला, आणि कर्जाचे कागद तसेच उभे.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याआधी सावकारानं अंगठा असलेला कागद दाखवला की कोर्ट हुकूमनामा देऊन मोकळं. या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं की नुसता कागद बघू नका, कर्जाचा इतिहास तपासा. मूळ रक्कम किती, व्याज किती, किती फेडले, कागद किती वेळा बदलला. म्हणजे 'हा कर्जदार आहे' एवढ्यावर न थांबता 'हा कर्जदार कसा झाला' हे कोर्टानं विचारायचं.

आता आजच्याकडं येऊ. आमच्या भावकीतलं एक घर आहे. नाव सांगत नाही, तुमच्याही भावकीत असंच एक असेल. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. घरात एक मोठं आजारपण आलं. आधी बायकोचं सोनं बँकेत तारण गेलं. मग ५० हजार हातउसने, शेकडा तीन रुपयांनी. तीन रुपये ऐकायला किती बारीक! पण ते महिन्याचे. वर्षाचे ३६ टक्के झाले, ५० हजारांवर १८ हजार नुसतं व्याज. त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि पावसात भिजलं. मग दोन एकर गेलं. तेही गहाणखत करून नाही. कागद झाला थेट खरेदीखताचा, आणि 'पैसे दिले की रान परत' हे नुसतं तोंडी.

या घराला गावात आता 'गरीब' म्हणतात. मला वाटतं, 'निकस केलेलं' म्हणायला हवं. कारण असं म्हटलं की पुढचा प्रश्न सुचतो, हे उलटं फिरवता येतं का? काही बाबतीत येतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा त्यासाठीच आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. आणि सावकारीच्या व्यवहारात, कर्जाचं तारण म्हणून जमीन खरेदीखतानं लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो. ते चौकशी करतात आणि तसं सिद्ध झालं तर तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाला मुदत असते, म्हणून उशीर करू नका. पैसे बँकेतून आले-गेले असतील तर नोंदी, व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, मेसेज, साक्षीदार, सगळं जपून ठेवा. १८७९चाच विचार आहे हा. कागदाच्या मागं जाऊन बघा.

अजून एक. कोर्टात जायला फीचे पैसे नाहीत म्हणून बरेच जण गप्प बसतात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची आहे. तिच्या ३३व्या आदेशाचं नाव आधी 'पॉपर' लोकांचे दावे असं होतं. हो, तोच आपला लॅटिन पाउपेर! १९७६च्या दुरुस्तीनं तो शब्द काढला आणि 'इंडिजंट', म्हणजे निर्धन व्यक्ती, हा शब्द घातला. ऐपत नसलेल्या माणसाला कोर्टाची परवानगी घेऊन आधी फी न भरता दावा लावता येतो. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

आता तुमच्या हातातल्या फोनबद्दल. हा माझ्या धंद्याचा भाग आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. जुना सावकार चावडीजवळ राहायचा, नवा ॲपमध्ये राहतो. समजा, १० हजारांचं कर्ज 'मंजूर' झालं. प्रोसेसिंगच्या नावाखाली १५०० कापले, हातात आले ८५००. पंधरा दिवसांत १० हजार भरा. मनात हिशोब करा. ८५०० वापरायचे १५०० रुपये, पंधरा दिवसांसाठी. वर्षाच्या हिशोबानं हा दर ४०० टक्क्यांच्या पुढं जातो. शेकडा तीनवाला सावकार याच्यापुढं देवमाणूस!

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम आणले. कर्जाचे पैसे बँक किंवा एनबीएफसीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, मधल्या कुणाच्या नाही. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे सांगणारं पत्रक आधी द्यायला हवं. आणि ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, गॅलरी बघायची गरज नाही. कर्ज देण्यासाठी पाहुण्यांचे नंबर कशाला लागतात? वसुलीच्या वेळी त्यांना फोन लावून तुमची अब्रू काढायला. परमिशनची ती खिडकी आली की 'अलाऊ' दाबायच्या आधी एवढं आठवा.

जाता जाता या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द. इंग्रजीत इम्पॉव्हरिशच्या समोर 'एन्रिच' उभा आहे. गंमत म्हणजे तोही माणसालाही लागतो आणि मातीलाही. शेणखत टाका, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा, सोयाबीनवर सोयाबीन न घेता मध्ये हरभरा-तूर फिरवा, बांध घालून माती अडवा, की निकस रान पुन्हा कस धरतं. मृदा आरोग्य पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्बाचा आकडा हळूहळू सरकतो. एका हंगामात होत नाही, पण होतं. कारण जमीन मुळात 'गरीब' नव्हती, तिच्यातून काढून घेतलं होतं आणि परत दिलं नव्हतं.

माणसांचंही तसंच बघू या. गावाकडं गेलात आणि कुणी म्हणालं, 'ते घर लई गरीब झालं हो', तर एकदा विचारा, काय काय गेलं? कुणाकडं गेलं? कोणत्या कागदानं गेलं? उत्तर देणारा माणूस सुरुवातीला गप्प बसेल. थोडा वेळ द्या त्याला.

हा भाग घरातल्या त्या माणसाला नक्की ऐकवा ज्याच्या नावावर सातबारा आहे. मुदत किंवा कागदांबद्दल शंका असेल तर माझ्यापेक्षा वकिलाला किंवा उपनिबंधक कार्यालयात विचारा. पुढच्या भागासाठी शब्द सुचवायचा असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.